फुटबॉलमधल्या फसवणुकीची शिक्षा कोणाच्या पदरात पडते?

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध खेळताना एव्हर्टनचा आघाडीपटू उमर निआस सामन्याच्या सुरुवातीलाच पेनल्टी क्षेत्रात कोसळला. बचावपटूचा धक्का जेमतेम लागला होता, पण पंचांना तो पुरेसा वाटला. त्यांनी पेनल्टी दिली, लेटन बेन्सने तिच्यावर गोल केला आणि सामना अखेर २-२ असा बरोबरीत सुटला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याच हंगामापासून एक नवी तरतूद लागू केली होती. पंचांना फसवून पेनल्टी मिळवली किंवा प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर घालवले असा संशय असेल, तर तीन जणांच्या समितीने चित्रफीत पाहायची, तिघांचेही एकमत झाले तरच खेळाडूवर ठपका ठेवायचा आणि तो सिद्ध झाला की दोन सामन्यांची बंदी घालायची. या तरतुदीखाली शिक्षा झालेला निआस हा प्रीमियर लीगमधला पहिला खेळाडू ठरला.

शिक्षा झाली खरी, पण तो गोल रद्द झाला नाही, एव्हर्टनला मिळालेला गुण एव्हर्टनकडेच राहिला आणि पॅलेसच्या हाती काहीच परत आले नाही. निआसच्या गैरहजेरीचा कोणाला फायदा झालाच असेल, तर तो एव्हर्टनच्या पुढच्या दोन प्रतिस्पर्ध्यांना झाला, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. शिक्षा पुरेशा कठोर आहेत का, हा प्रश्न विचारला की चर्चा लगेच बंदी किती सामन्यांची आणि दंड किती लाखांचा याकडे वळते. माझ्या मते या आकड्यांइतकेच महत्त्वाचे दुसरे दोन मुद्दे आहेत, आणि ते सहसा मागे पडतात. शिक्षेमुळे फसवणुकीतून मिळालेला लाभ हिरावला जातो का, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला काही परत मिळते का?

आधी मैदानावरच्या फसवणुकीचा विचार करू, कारण प्रेक्षकांचा संताप सर्वांत जास्त तिच्यावरच असतो. खेळाच्या नियमावलीतील बाराव्या नियमानुसार, पडण्याचे किंवा लागल्याचे सोंग करून पंचांना फसवण्याचा प्रयत्न हे खिलाडूवृत्तीला सोडून केलेले वर्तन मानले जाते आणि त्यासाठी पिवळे कार्ड दाखवले जाते. शर्ट ओढणे, गोल केल्यावर अंगातला शर्ट काढणे किंवा मुद्दाम वेळ काढणे यांनाही हेच पिवळे कार्ड मिळते, म्हणजे नियमांच्या तराजूत या सर्व गोष्टी एकाच वजनाच्या आहेत. आता सोंग करणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. सोंग वठले तर पेनल्टी मिळते आणि साधारणपणे चारांपैकी तीन पेनल्टींवर गोल होतो. सोंग उघडे पडले तर बहुतेक वेळा पंच हातानेच ‘ऊठ’ अशी खूण करतात, आणि फार झाले तर पिवळे कार्ड दाखवतात. फुटबॉलमध्ये बरेच सामने एका गोलाच्या फरकाने सुटतात, तेव्हा इतक्या मोठ्या लाभासाठी इतका छोटा धोका पत्करणारा खेळाडू फक्त गणित करत असतो. त्याला शिव्या घालण्याआधी ते गणित कोणी मांडून ठेवले आहे, हे पाहायला हवे.

चित्रफितीच्या मदतीने निर्णय तपासणाऱ्या व्हीएआर पद्धतीने हे गणित काहीसे बदलले, पण अर्धेच. २०१८ च्या विश्वचषकात ब्राझील आणि कोस्टारिका यांच्या सामन्यात नेमार पेनल्टी क्षेत्रात मागे कोसळला, पंचांनी पेनल्टी दिली, मग मैदानाच्या कडेला जाऊन पडद्यावर प्रसंग पुन्हा पाहिला आणि ती रद्द केली. फसवणुकीचा लाभ तिथल्या तिथे काढून घेतला गेला, आणि ही खरोखरच मोठी सुधारणा आहे. पण त्या पडण्याबद्दल नेमारला पिवळे कार्डसुद्धा मिळाले नाही. पूर्वी जमले तर फायदा आणि फसले तर थोडेसे नुकसान होते. आता पकडले गेल्यावरही काही जात नसेल, तर पुन्हा प्रयत्न करायला हरकत कसली? शिवाय व्हीएआर मुख्यतः गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेले कार्ड अशा मोजक्याच गोष्टींत लक्ष घालते. मैदानाच्या मध्यभागी चेहरा धरून लोळणारा खेळाडू तिच्या कक्षेत सहसा येतच नाही.

मग मोठी बंदी का घालत नाहीत? याचे उत्तर पुराव्यात आहे. २६ ऑगस्ट २००९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकच्या गोलरक्षकाजवळ पडून पेनल्टी मिळवली. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली आणि दोन आठवड्यांच्या आतच अपिलात ती रद्द झाली, कारण पंचांची फसवणूकच झाली हे समाधानकारकपणे सिद्ध झाले नाही. धावत्या खेळाडूचा तोल कितपत गेला आणि त्याने स्वतःहून तो कितपत सोडला, हे कॅमेरा दाखवू शकत नाही. मनातला हेतू ओळखून शिक्षा द्यायची असेल तर ती सौम्यच ठेवावी लागते, नाहीतर खरोखर धडपडलेल्या खेळाडूलाही महिनाभर घरी बसावे लागेल.

काही वेळा मात्र हेतूबद्दल शंकेला जागाच नसते. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अतिरिक्त वेळेचे शेवटचे क्षण चालू होते आणि उरुग्वे व घाना १-१ अशा बरोबरीत होते. घानाच्या डॉमिनिक अदियाने हेडरने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडणार, तोच रेषेवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने तो दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. पंचांनी नियमाप्रमाणे लाल कार्ड आणि पेनल्टी दिली. असामोआ ग्यानने मारलेली पेनल्टी आडव्या खांबावर आदळून वर गेली आणि मैदानातून बाहेर पडता पडता थांबलेला सुआरेझ आनंदाने नाचू लागला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकला आणि उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला संघ ठरण्याची घानाची संधी गेली. सुआरेझ त्यानंतरच्या एका सामन्याला मुकला. त्या सामन्यात उरुग्वेला ३-२ ने हरवणाऱ्या नेदरलँड्सला त्याच्या गैरहजेरीचा लाभ मिळाला आणि घाना मात्र घरी गेला.

ही फसवणूक होती का, यावर मतभेद आहेत. सुआरेझने काही लपवले नाही, पंचांना फसवले नाही. नियमाने ठरवलेली किंमत उघडपणे मोजली, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग दोष त्या किमतीचा आहे. शंभर टक्के होणारा गोल देऊन त्याऐवजी तीन चतुर्थांश शक्यतेची पेनल्टी घ्यायची, असा सौदा नियमच नुकसान झालेल्या संघावर लादतो. बास्केटबॉलमध्ये बास्केटच्या दिशेने खाली येणारा चेंडू बचावपटूने अडवला, तर बास्केट झाली असे समजून गुण दिले जातात, पुन्हा प्रयत्न करायला सांगत नाहीत. गोलरेषेवर हाताने अडवलेल्या चेंडूबाबत फुटबॉलनेही तसेच करावे, असे मला वाटते. चेंडू नक्की आत गेला असता की नाही हे ठरवणे पंचांना जड जाईल, हा आक्षेप रेषेपासून दहा मीटरवरच्या प्रसंगात रास्त आहे, पण रेषेवरच्या प्रसंगात तो टिकत नाही.

थिएरी ऑन्रीच्या बाबतीत तर तेवढी किंमतही मोजली गेली नाही. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसजवळच्या मैदानावर आयर्लंडविरुद्ध अतिरिक्त वेळेत त्याने हाताने चेंडू थोपवला, विल्यम गॅलासकडे सरकवला, गॅलासने गोल केला आणि फ्रान्स विश्वचषकाला पात्र ठरला. ऑन्रीने सामन्यानंतर चेंडू हाताला लागल्याचे मान्य केले, तरीही पंचांनी न पाहिलेल्या या हाताबद्दल शिक्षा करण्यास कायदेशीर आधारच नाही, असे फिफाच्या शिस्तपालन समितीने ठरवले. फिफाने आयर्लंडच्या संघटनेला ५० लाख युरो दिल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. पीडिताला काही मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण, पण ते मिळाले गुपचूप, आणि विश्वचषकाच्या जागी पैसा मिळाला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला रॉबर्टो रोहासचे प्रकरण आहे. ३ सप्टेंबर १९८९ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर चिली विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध ०-१ ने मागे होता आणि जिंकल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हते. प्रेक्षकांतून फेकलेला एक जळता फ्लेअर चिलीचा गोलरक्षक रोहासच्या जवळ पडला. धूर थोडा निवळला तेव्हा तो जमिनीवर होता आणि त्याचा चेहरा रक्ताने माखला होता. सहकाऱ्यांनी त्याला उचलून बाहेर नेले आणि संघाने पुन्हा मैदानात उतरायला नकार दिला. नंतर छायाचित्रांत दिसले की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता. त्याने हातमोज्यात लपवून आणलेल्या ब्लेडने स्वतःच स्वतःला कापून घेतले होते. सामना ब्राझीलला बहाल झाला, रोहासवर तहहयात बंदी आली आणि चिलीला १९९४ च्या विश्वचषकाची दारे बंद झाली. रोहासवरची बंदी २००१ मध्ये उठली, तोपर्यंत त्याची चाळिशी उलटली होती.

या शिक्षेला कोणी सौम्य म्हणणार नाही. तरीही तिच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. १९९४ साठी खेळू शकले असते असे चिलीचे जे तरुण खेळाडू होते, त्यांतल्या अनेकांचा त्या संध्याकाळी माराकानावर पायही पडला नव्हता. संपूर्ण संघाला शिक्षा देण्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे, कारण एकट्या खेळाडूला भीती वाटली नाही तरी संघटनेला वाटेल आणि ती आपल्या माणसांवर लक्ष ठेवेल. पण असे करताना चोर सोडून संन्याशाला फाशी, ही गत सहज होते. इंग्लंडमधल्या ल्यूटन टाऊनचे उदाहरण घ्या. आधीच्या व्यवस्थापनाच्या काळात खेळाडूंच्या दलालांना दिलेल्या पैशांतले गैरव्यवहार आणि दिवाळखोरीसंबंधीचे नियमभंग यांपायी २००८-०९ च्या हंगामात या क्लबचे एकूण ३० गुण कापले गेले. मैदानावर ५६ गुण कमावलेल्या संघाच्या खात्यात २६ उरले आणि तो थेट लीगबाहेर फेकला गेला. तोपर्यंत क्लबची मालकी बदलली होती, आणि शिक्षा भोगली ती नव्या मालकांनी, खेळाडूंनी व प्रेक्षकांनी.

सामनानिश्चितीबाबत, म्हणजे मॅच फिक्सिंगबाबत, फुटबॉलचे नियम सर्वांत कडक आहेत आणि तसे ते असायलाच हवेत, कारण सोंग करणारा निदान जिंकायचा प्रयत्न तरी करत असतो. युएफाने अल्बानियाच्या स्केंडरबेऊ क्लबवर २०१८ मध्ये दहा वर्षांची बंदी घातली. पण मोठ्या क्लबांच्या बाबतीत हिशेब कसा फिसकटतो, हे मार्सेयच्या प्रकरणात दिसते. मे १९९३ मध्ये मिलानविरुद्धच्या युरोपीय अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी मार्सेयला फ्रेंच लीगमध्ये व्हॅलांसिएनशी खेळायचे होते. आपले खेळाडू दमू नयेत आणि जखमी होऊ नयेत म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या तीन खेळाडूंना पैसे देऊ करण्यात आले. त्यांतल्या झाक ग्लासमानने ते नाकारले आणि ही गोष्ट उघड केली. तपासात एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले. मार्सेयचे फ्रेंच विजेतेपद गेले, पुढच्या हंगामात युरोपात खेळता आले नाही, क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि अध्यक्ष बेर्नार तापी यांना तुरुंगात जावे लागले. मात्र २६ मे १९९३ रोजी जिंकलेला युरोपीय चषक क्लबकडेच राहिला, कारण लाच दिलेला सामना त्या स्पर्धेतला नव्हता. ज्या चषकासाठी हा सगळा खटाटोप केला, नेमका तोच सुटला. आणि ग्लासमान? फिफाने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला, पण फ्रान्समधल्या मैदानांवर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

इटलीतल्या २००६ च्या ‘कॅल्चोपोली’ प्रकरणातही असेच घडले. पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणल्याबद्दल युव्हेंटसची दोन विजेतेपदे काढून घेतली गेली आणि त्याला दुसऱ्या श्रेणीत पाठवले गेले. तिथे सुरुवातीला ठरलेली ३० गुणांची कपात अपिलांमध्ये १७ वर आणि अखेर ९ वर आली. एसी मिलानचेही गुण कापले गेले, पण अपिलानंतर त्याला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळाली, आणि त्याच हंगामात, मे २००७ मध्ये, मिलानने ती स्पर्धा जिंकली.

उत्तेजकांच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तिथे जागतिक संहितेमुळे मापे बऱ्यापैकी निश्चित आहेत. फ्रान्सचा खेळाडू पॉल पोग्बा याला २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी झाली आणि क्रीडा लवादाने हेतुपुरस्सर सेवन नसल्याचे मानून ती १८ महिन्यांवर आणली. सट्ट्याच्या बाबतीत मात्र एक विसंगती जाणवते. इंग्लंडचा आघाडीपटू आयव्हन टोनी याने २३२ वेळा सट्टेबाजीचे नियम मोडल्याची कबुली दिली आणि २०२३ मध्ये त्याला आठ महिने बंदी झाली. त्याने कोणताही सामना निश्चित केल्याचा आरोप नव्हता. सामन्याचा निकाल प्रत्यक्ष बदलणाऱ्या सोंगाला दोन सामने आणि निकालाला धक्का न लावणाऱ्या पैजांना आठ महिने, हे प्रमाण पटायला जड जाते, जरी सट्ट्याच्या व्यसनातूनच सामनानिश्चितीची दारे उघडतात हे कारण योग्य असले तरी.

उशीर हा शिक्षेचा आणखी एक दोष आहे आणि तो क्लबांच्या आर्थिक नियमभंगात सर्वांत ठळकपणे दिसतो. हा नियमभंग म्हणजे फसवणूक असेलच असे नाही, पण त्यातून मिळणारा लाभ सारखाच असतो. तेव्हाच्या नियमानुसार प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करता येत नव्हता. २०२१-२२ अखेरच्या काळात एव्हर्टनने ही मर्यादा १ कोटी ९५ लाख पौंडांनी ओलांडल्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, जे अपिलात सहावर आले. आता २०२१-२२ ची गुणतालिका पाहा. एव्हर्टनचे ३९ गुण होते आणि त्या वर्षी बर्नलीची ३५ गुणांवर खालच्या श्रेणीत घसरण झाली. कमी केलेली सहा गुणांची शिक्षा जरी त्याच हंगामात लागू झाली असती, तरी एव्हर्टन ३३ वर येऊन खाली गेला असता आणि बर्नली वाचला असता. पण हिशेब तपासून निकाल लागेपर्यंत पुढचा हंगाम उलटून त्यानंतरचा चालू झाला होता. या वरातीमागून आलेल्या घोड्यांचा बर्नलीला काय उपयोग?

लवकर झालेल्या शिक्षेचे उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळाले. कॅनडाच्या महिला संघाच्या कर्मचाऱ्याने न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्याचे उघडकीस आल्यावर काही दिवसांतच, स्पर्धा चालू असतानाच, फिफाने कॅनडाचे सहा गुण कापले आणि प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यासह तिघांवर एक वर्षाची बंदी घातली. लाभ जिथे मिळाला तिथेच तो वसूल झाला. कॅनडाने तिन्ही साखळी सामने जिंकले, नऊ गुणांचे तीन झाले, तरीही संघ पुढच्या फेरीत गेला. न्यूझीलंडच्या खात्यात मात्र त्यातले काहीच जमा झाले नाही. २-१ ने हरलेला तो सामना हरलेलाच राहिला.

शिक्षेची जरब तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या खात्रीवर अवलंबून असते, असे इटालियन विचारवंत बेकारिया अठराव्या शतकातच सांगून गेला आहे आणि फुटबॉलला ते तंतोतंत लागू पडते. सोंगासाठी सहा सामन्यांची बंदी लिहून ठेवली आणि वर्षातून एकदाच वापरली, तर तिची भीती कोणाला वाटणार? त्यापेक्षा व्हीएआरने पेनल्टी रद्द करताना उघड सोंग दिसले, तर पिवळे कार्ड दाखवणे पंचांवर बंधनकारक केले, तरी मैदानावरचे गणित बरेच बदलेल. क्लबांचे हिशेब हंगाम संपायच्या आत तपासण्याची सोय झाली, तर गुणकपातीला अर्थ येईल. मोठ्या गुन्ह्यांसाठीच्या शिक्षा वाढवण्याची मला गरज दिसत नाही. त्यांच्या अपिलांत होणारी घासाघीस थांबली तरी पुरे.

पीडिताला न्याय मिळवून देण्याचे काम त्याहून अवघड आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात घानाचे पंच जोसेफ लॅम्प्टे यांनी सेनेगलच्या कालिदू कुलिबालीच्या गुडघ्याला लागलेल्या चेंडूसाठी हँडबॉल देऊन दक्षिण आफ्रिकेला पेनल्टी बहाल केली आणि दक्षिण आफ्रिका २-१ ने जिंकला. सट्टाबाजारातल्या संशयास्पद हालचालींवरून तपास झाला, लॅम्प्टे यांच्यावर तहहयात बंदी आली आणि फिफाने क्वचितच उचलले जाणारे पाऊल उचलले. निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला. दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंवर कसलाही आरोप नव्हता. त्यांनी मिळालेली पेनल्टी घेतली होती, इतकेच. १० नोव्हेंबर २०१७ रोजी त्याच पोलोक्वाने शहरात दोन्ही संघ पुन्हा उतरले, सेनेगल २-० ने जिंकला आणि त्या विजयावर विश्वचषकाला पात्र ठरला.